फोटो मिळाला, नोंद कुठे आहे?

हस्ताचा पाऊस ओसरला की राज्यातल्या तलावांच्या काठी वेगळीच वर्दळ सुरू होते. भिगवणला उजनीचा फुगवटा असो किंवा निफाड तालुक्यातले नांदूरमध्यमेश्वर, पहाटेच गाड्या लागतात, थर्मासमधला चहा फिरतो आणि पुरते उजाडण्याआधी ट्रायपॉडवर लांबलचक लेन्स चढलेल्या असतात. बदकांचा एखादा थवा उठला की शटरचा एकच कडकडाट होतो. दुपारपर्यंत त्यातले निवडक फोटो व्हॉट्सअॅपच्या गटांवर पोहोचतात, त्यांवर अंगठे आणि टाळ्या पडतात आणि संध्याकाळी नवे फोटो आले की सकाळचे वर सरकून दिसेनासे होतात.

या सगळ्यात एक साधा प्रश्न क्वचितच विचारला जातो : हा पक्षी नेमका कुठे, कोणत्या तारखेला आणि किती संख्येने दिसला? विचारला तरी दोन महिन्यांनी फोटो काढणाऱ्यालाही ते आठवत नाही. नेहमीच्या पद्धतीने व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या छायाचित्रातून कॅमेऱ्याने किंवा मोबाइलने साठवलेली तारीख, वेळ आणि ठिकाणाची माहिती गळून पडते. तिसऱ्या गटावर पोहोचेपर्यंत उरते ते फक्त एक सुंदर चित्र. कॅमेरे आवाक्यात आले, प्रत्येकाच्या खिशात ध्वनिमुद्रक आला, पक्षी पाहायला जाणारे वाढले, ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण या छंदातून विज्ञानाच्या आणि पक्ष्यांच्याही पदरात काही पडायचे असेल, तर फोटोइतकाच, किंबहुना त्याहून अधिक मान नोंदीला द्यावा लागेल.

ही गरज शरदात सर्वांत जास्त असते, कारण सप्टेंबर ते नोव्हेंबर हे पक्ष्यांच्या ये-जा करण्याचे महिने. जूनमध्ये पावसाबरोबर आलेला चातक परतीच्या वाटेला लागतो. पावसाळ्यात इथे विणीसाठी थांबलेला नवरंग दक्षिणेकडे, पार श्रीलंकेपर्यंत सरकतो. त्याच सुमारास उत्तरेकडून आलेला करडा धोबी ओढ्याकाठी शेपटी हलवत हजर होतो, कुंपणावर थिरथिरा दिसू लागतो, माळरानावर भोवत्यांच्या संथ घिरट्या सुरू होतात आणि तलावांवर थापट्या, तलवार बदके, चक्रवाक उतरू लागतात. काही पक्षी तर इथे मुक्कामाला येतच नाहीत. युरोपीय नीलपंख आणि ठिपकेदार माशीमार आफ्रिकेकडे जाता जाता पश्चिम भारतातून पुढे जातात. आज तारेवर दिसलेला पक्षी परवा तिथे नसतो. अशा पक्ष्याच्या बाबतीत तारीख हीच खरी बातमी असते. धोबी यंदा कधी आला, चातक शेवटचा कधी दिसला, पाऊस लांबला त्या वर्षी बदके उशिरा उतरली का, या प्रश्नांची उत्तरे वर्षानुवर्षांच्या तारखा जुळवूनच मिळतात. हवामान बदलाचा स्थलांतरावर काय परिणाम होतो, याची चर्चा मोठ्या परिषदांतून होते. पण तिचा कच्चा माल एखाद्या गावच्या तलावाकाठी वहीत लिहिलेली तारीख हाच असतो.

तारीख आणि ठिकाण यांचे मोल काय असते, याचे जगभर गाजलेले उदाहरण महाराष्ट्रातच घडले आहे. रानपिंगळा हे मध्य भारतातल्या जंगलात राहणारे, दिवसाही वावरणारे छोटे घुबड. एकोणिसाव्या शतकात त्याचे मोजकेच नमुने गोळा झाले. त्या काळी पक्षी मारून, त्याचे कातडे भरून संग्रहालयात ठेवत आणि पायाला चिठ्ठी बांधत : कुठे, कधी, कोणी. रानपिंगळ्याचा शेवटचा खात्रीचा नमुना १८८४चा. त्यानंतर हा पक्षी कोणाला सापडेना. एक नमुना मात्र त्यानंतरचा होता. रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहातल्या या रानपिंगळ्याच्या चिठ्ठीवर गुजरातेतील मांडवी हे ठिकाण आणि १९१४ हे वर्ष होते.

ती चिठ्ठी खोटी होती. पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांच्या तपासणीत उघड झाले, की तो नमुना मुळात जेम्स डेव्हिडसन यांनी कित्येक वर्षे आधी खानदेशात गोळा केलेल्यांपैकी होता. संग्रहालयातून तो चोरला गेला, कातडे पुन्हा भरले गेले आणि पायाला नवी चिठ्ठी अडकवली गेली. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट या तिघांनी शोध घेताना १९१४ची ती नोंद बाजूला ठेवली आणि जुन्या, खऱ्या चिठ्ठ्यांवरची ठिकाणे धुंडाळली. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी सातपुड्याच्या पायथ्याशी, शहाद्याजवळ त्यांना रानपिंगळा दिसला. तब्बल ११३ वर्षांनी! पुढे तो मेळघाटात आणि इतरत्रही आढळला. २०१४ मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या तानसा अभयारण्यातही त्याची नोंद झाली.

या कथेत पक्ष्याइतकीच महत्त्वाची आहे ती चिठ्ठी. खोट्या चिठ्ठीने भलतीच वाट दाखवली आणि खऱ्या चिठ्ठीने शतकानंतर नेमक्या जागी नेऊन उभे केले. आज पक्षी मारण्याची गरज नाही. छायाचित्र आणि ध्वनिमुद्रण हेच आजचे नमुने आहेत. म्हणून त्यांनाही चिठ्ठी हवी. दुसऱ्या ठिकाणचा फोटो ‘आमच्या तळ्यावरचा’ म्हणून पुढे ढकलणे, गेल्या वर्षीचा फोटो यंदाच्या स्पर्धेत देणे, कॅमेऱ्याचे घड्याळ चुकीच्या तारखेवर वर्षभर तसेच ठेवणे, या गोष्टी किरकोळ वाटतात. हेतू फसवण्याचा नसेलही. परिणाम मात्र माइनर्ट्झहागेनच्या चिठ्ठीसारखाच होतो.

छायाचित्राचे महत्त्व यामुळे कमी होत नाही. मंगोलियात गळपट्टी बांधलेले पट्टकादंब हंस भारतातल्या तलावांवर ओळखता आले, कारण कोणीतरी त्या पट्टीवरचा क्रमांक वाचता येईल असा फोटो काढला होता. शिवाय नोंदीसाठी फोटो देखणा असण्याची गरजही नसते. दूरचा, थोडा धूसर, पण पंखावरची पट्टी किंवा चोचीचा रंग दाखवणारा फोटो अभ्यासकाला पुरतो. असे फोटो लोक ‘चांगला आला नाही’ म्हणून पुसून टाकतात. शरदातल्या सकाळी पुसला गेलेला असा एखादा फोटो त्या तालुक्यातली त्या पक्ष्याची पहिली नोंदही असू शकतो.

पण नुसत्या फोटोच्या मागे धावण्यात दुसरे एक नुकसान होते. जो पक्षी दिसत नाही, तो नाहीच असे धरले जाते. ऑक्टोबरात झाडी अजून दाट असते, गवत कमरेएवढे उभे असते. हिमालयातून आणि त्याच्याही उत्तरेकडून आलेले इवलेसे पर्णवटवटे पानांआड असतात. दिसले तरी हिरवट-पिवळट रंगाचे, एकसारखे एक. ब्लिथचा वेळू वटवट्या कुंपणाच्या आतून ‘टक्... टक्’ असा कोरडा आवाज देत राहतो आणि अर्धा तास थांबूनही त्याचे शेपूटसुद्धा दिसत नाही. लाल छातीचा माशीमार आणि त्याचा जवळचा भाऊबंद तैगा माशीमार यांच्या माद्या आणि पिल्ले पाहून भले भले गोंधळतात. आवाज ऐकला की काम सोपे होते : पहिल्याची टिरटिर सुटी सुटी, मोजता येईल अशी, दुसऱ्याची वेगवान, जवळजवळ गुणगुणल्यासारखी. डोळ्यांनी जो वाद मिटत नाही, तो कानांनी मिटतो.

पक्ष्यांच्या आवाजाच्या मुद्रणाचा इतिहासही भारतीय वाचकाला जवळचा वाटावा असा आहे. १८८९ मध्ये जर्मनीत लुडविग कॉख नावाच्या लहान मुलाने घरातल्या पिंजऱ्यातल्या पक्ष्याचे गाणे एडिसनच्या यंत्राच्या मेणाच्या नळीवर उतरवले. पक्ष्याच्या गाण्याचे ते पहिले ज्ञात ध्वनिमुद्रण. तो पक्षी होता श्यामा, सह्याद्रीच्या दाट रानात गाणारा. तेव्हा त्यासाठी दुर्मीळ यंत्र लागले. आता खिशातला मोबाइल पुरतो. दोन-तीन मिनिटे पाय न हलवता, न बोलता उभे राहायचे. ध्वनिमुद्रण शक्यतो डब्ल्यूएव्ही प्रकारात ठेवायचे, कारण एमपी३मध्ये दाबताना बारीक तपशील जातात. आणि शेवटी आपल्याच आवाजात तारीख, वेळ, गाव आणि पक्षी प्रत्यक्ष दिसला की फक्त ऐकू आला, एवढे सांगून बटण बंद करायचे. चिठ्ठी तिथेच बांधली जाते.

मुद्रित आवाजाचा एक उलटा वापरही होतो आणि तो थांबायला हवा. पक्षी समोर यावा म्हणून त्याच्याच जातीचा आवाज स्पीकरवर वाजवायचा. छायाचित्रकारांच्या भाषेत याला ‘कॉल लावणे’ म्हणतात. पक्ष्याला तो आवाज म्हणजे हद्दीत शिरलेला प्रतिस्पर्धी वाटतो. खाणे सोडून तो धावून येतो, उघड्या फांदीवर बसतो, पुन्हा पुन्हा ओरडतो आणि शिकाऱ्याच्याही नजरेत येतो. विणीचा हंगाम नाही, मग काय बिघडते, असा युक्तिवाद शरदात केला जातो. तो टिकत नाही. पर्णवटवट्यांसारखे पाहुणे हिवाळ्यातही आपापली हद्द राखतात आणि आवाजानेच ती जाहीर करतात. हजारो किलोमीटर उडून आलेल्या, अंगावरची चरबी संपवून बसलेल्या पक्ष्याला सकाळचा प्रत्येक किडा मोलाचा असतो. त्याला खोट्या भांडणासाठी दहा वेळा बोलावणे हा शुद्ध भुर्दंड आहे. रानपिंगळ्यासारख्या धोक्यात आलेल्या पक्ष्याच्या बाबतीत तर, एकाच ठिकाणी दर रविवारी नवा गट येऊन कॉल लावणार असेल, तर तो छळच.

यावर उत्तर दिले जाते, की संशोधकही कॉल लावतात. लावतात, विशेषतः घुबडांच्या गणनेत. पण तिथे किती सेकंद, किती वेळा, किती अंतरावर हे आधी ठरलेले असते, ते लिहून ठेवले जाते आणि त्यातून संख्या मिळते. फोटोसाठी लावलेल्या कॉलमागे असा हिशेब नसतो. शिवाय त्याने नोंदही नासते. पक्षी स्वतःहून तिथे होता की ओढून आणला होता, हे फोटो सांगत नाही. आणि शंभर पावलांवर दुसरा कोणी मोबाइलवर आवाज टिपत असेल, तर त्याच्या ध्वनिमुद्रणात स्पीकरमधला पक्षी खरा म्हणून शिरतो. ज्या जंगलात तो पक्षी नाहीच, तिथेही तो कागदावर हजर होतो.

मोबाइल अॅपबद्दलही थोडे सावध राहायला हवे. कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेचे ‘मर्लिन’ आवाज ऐकून पक्ष्याचे नाव सुचवते. नवख्यासाठी ते उत्तम शिक्षक आहे : एक नाव सुचवते आणि मान वर करून शोधायला लावते. पण सुचवणे म्हणजे सिद्ध करणे नव्हे. सह्याद्रीत भृंगराज कोतवाल शिक्ऱ्यापासून अनेकांच्या नकला बेमालूम करतो. अॅप फसू शकते आणि यादीत त्या झाडावर कधीच न बसलेला शिक्रा येतो. त्यामुळे अॅपने दाखवलेले नाव तसेच्या तसे नोंदीत उतरवू नये. स्वतः ऐकून-पाहून खात्री पटली तरच लिहावे. नाही पटली तर ध्वनिमुद्रण जपून ठेवावे, जाणकाराला ऐकवावे.

इतकी काटेकोरपणाची अपेक्षा हौशी माणसाकडून का ठेवायची? कारण देशातल्या पक्ष्यांचा हिशेब आज हौशी माणसांच्याच नोंदींवर उभा आहे. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ या २०२३च्या अहवालाने ९४२ प्रजातींचा आढावा घेतला, तो ३० हजारांहून अधिक निरीक्षकांनी ‘ई-बर्ड’वर केलेल्या तीन कोटींहून अधिक नोंदींच्या आधारे. दीर्घकालीन कल सांगता येईल इतकी माहिती ३३८ प्रजातींबद्दलच होती आणि त्यातल्या ६० टक्के प्रजाती घटत असल्याचे दिसले. ३० टक्के किंवा त्याहून अधिक घट झालेल्या ज्या १४ प्रजातींच्या धोक्याचे नव्याने मूल्यमापन व्हावे असे अहवालाने सुचवले, त्यांत सगळ्यांच्या ओळखीचा, विजेच्या तारेवर बसणारा नीलपंखही आहे. ‘तो तर सगळीकडे असतो’ म्हणून ज्याचा फोटो कोणी काढत नाही, नाव कोणी लिहीत नाही, त्याचे कमी होणे म्हणूनच उशिरा लक्षात येते.

अशा अभ्यासाला सर्वांत उपयोगी पडते ती संपूर्ण यादी : ठरावीक वेळात, पंधरा मिनिटे का होईना, दिसलेले आणि ऐकू आलेले सर्व पक्षी, साळुंकी-कावळ्यांसह आणि संख्येसह. कारण यादीत काय नाही, हेही अशी यादी सांगते. हजार याद्यांपैकी पूर्वी किती याद्यांत नीलपंख होता आणि आता किती याद्यांत आहे, यावरून घट मोजता येते. एका दुर्मीळ पक्ष्याच्या हजार फोटोंवरून ते कळत नाही. ठिकाण लिहायचे म्हणजे घरटे किंवा घुबडाची ढोली जगजाहीर करायची असा मात्र अर्थ नाही. काही संवेदनशील प्रजातींचे नेमके ठिकाण ई-बर्डही लोकांपासून लपवून ठेवते. नोंद खरी हवी. घरट्याचा पत्ता समाजमाध्यमांवर फिरायला नको.

या सवयीचा लाभ पक्ष्यांपुरताच नाही. लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या संशोधकांनी २०२२ मध्ये १,२९२ जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मोबाइलवरून दिवसातून काही वेळा त्यांना विचारले जाई, की आता पक्षी दिसतात किंवा ऐकू येतात का आणि मन कसे आहे. पक्षी दिसल्या-ऐकल्यानंतर लोकांनी मनःस्थिती बरी असल्याचे सांगितले आणि हा परिणाम आठ तासांपर्यंत टिकलेला आढळला. नैराश्याचे निदान झालेल्यांतही. त्याच वर्षी जर्मनीतील माक्स प्लांक संस्थेच्या प्रयोगात २९५ जणांना सहा मिनिटे वेगवेगळे आवाज ऐकवले गेले. पक्ष्यांच्या आवाजाने चिंता आणि संशयी विचार कमी झाले. नैराश्यात मात्र घट दिसली ती थोडी आणि तीही विविध पक्ष्यांचे आवाज ऐकवल्यावरच. म्हणजे हा औषधाला पर्याय नव्हे. पण लक्षात घेण्याजोगे हे, की लंडनच्या त्या अभ्यासात कोणी दुर्मीळ पक्ष्याची अट घातली नव्हती. खिडकीतला बुलबुलही पुरेसा होता.

कान लावून ऐकण्याचा आणखी एक उपयोग आहे. वय वाढते तसे उंच पट्टीचे आवाज आधी ऐकू येईनासे होतात आणि माणसाच्या ते ध्यानात येत नाही, कारण बोलणे अजून नीट ऐकू येत असते. जुन्या निरीक्षकांना वटवट्ये ‘यंदा कमीच’ वाटतात, ते कधी कधी यामुळेही. शेजारच्या तरुणाला ऐकू येते, मोबाइलच्या पडद्यावर आवाजाची रेघ उमटते आणि स्वतःला मात्र काही ऐकू येत नाही, असे वारंवार होत असेल तर कान तपासून घ्यावेत. आणि अशा निरीक्षकासाठी ध्वनिमुद्रण हा उतारवयात छंद न सोडण्याचा चांगला मार्गही ठरतो.

महाराष्ट्रात २०२०पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह साजरा होतो. पहिला दिवस मारुती चितमपल्लींच्या जन्माचा, शेवटचा सलीम अलींच्या. दोघांचेही आयुष्य नोंदी करण्यात गेले. या सप्ताहात गावोगावी छायाचित्र स्पर्धा होतात. त्यांच्या नियमांत तीन ओळी वाढवल्या, तर खर्च काही नाही : तारीख आणि तालुका दिल्याशिवाय प्रवेशिका घेतली जाणार नाही, कॉल लावून किंवा घरट्याजवळ काढलेला फोटो बाद होईल, आणि एक बक्षीस आवाजासाठी राखीव असेल. शाळांना तर कॅमेराही लागत नाही. पटांगणात पंधरा मिनिटे, एक वही आणि दर वर्षी तोच आठवडा. दहा वर्षांनी त्या शाळेकडे तिच्या परिसराचा जो लेखाजोखा असेल, तो कोणत्याही विद्यापीठाला विकत मिळणार नाही.

देशाच्या अनेक भागांत दसऱ्याला नीलपंखाचे दर्शन शुभ मानतात. यंदा तो तारेवर बसलेला दिसला, तर हात जोडावेत, हवा तर फोटोही काढावा. मग तारीख, गाव आणि संख्या लिहावी. पंधरा मिनिटे शोधूनही दिसला नाही, तर जे दिसले त्या सगळ्यांची यादी करावी. त्या यादीत नीलपंख नसणे हीसुद्धा नोंदच आहे.